डाव्या अंगाची काजं

धामणगाव बढे,
३ नोव्हेंबर २०२५

सुचिता,

आन कोट बाईचा हाये हे म्या ओळखावं कशावरून, ते सांग पहिले. कोटाच्या नाकात काही नथ नसते. काळ्या लोकरीचा कपडा, चार बटणं, दोन खिसे, आन खिशात तुह्या हातची चिठ्ठी, "समोर चार काजं, अस्तर, खालची तुरपाई, सगळं हातानं, दहा दिवसांत." यात बाई कुठं हाये? दहा दिवसांत म्हटलं तं म्या आठ दिवसांत करून ट्रॅव्हल्सनं परत धाडला. आन परवा तुहा फोन. ना राम राम, ना कशी हायेस. "मावशी, काजं डाव्या अंगाला घातलीस. बायकांच्या कोटाला उजव्या अंगाला असतात. कोट गेला आता." आन वरून, "यापुढं तुझ्याकडं काम पाठवायचं का नाही, विचार करावा लागेल." म्या तोंड उघडेपर्यंत फोन बंद.

विचार करावा लागेल. बरं. ज्या मावशीनं तुले सुईत दोरा ओवायले शिकवलं, तिचा तू विचार करशीन.

एकवीस वर्षं म्या खामगावच्या जानराव मास्तरची काजं केली. बसनं कोट इकडं येत, बसनं तिकडं जात. अर्ध्या जिल्ह्याचे नवरदेव माह्या काजात बटण घालून बोहल्यावर चढले, कोणाच्या काजाचा दोरा निघाला नाही. मास्तर गिऱ्हाइकाले तोंडावर म्हणत, मशीनचं काज पाह्यजे तं दुसऱ्या दुकानात जा, त्याले दोन महिन्यांत मिशा फुटतात. ते सगळे कोट माणसांचे, काजं डाव्या अंगाले. हात तिकडंच जाते. याच्यात माहा गुन्हा काय?

मास्तरनं दुकान बंद केल्यापासून तुहेच दोन-चार कोट येतात महिन्याले. ते बी बंद करायचे असतील तं सरळ लिही. आडून बोलू नको.

आन आता फोन करू नको. हातात काम असलं का म्या फोन खाटेवर ठेवते आन आवाज मोठा करते. तुहं बोलणं सगळ्या घराले ऐकू जाते. लिहून कळव. लिहायची सवय मोडली असंल तं परत लाव.

तुहे मावसाजी बरे हायेत.

जनका मावशी

*

पुणे,
७ नोव्हेंबर

मावशी,

नमस्कार. फोनवर मी तसं बोलायला नको होतं, आणि बोलून झाल्यावर फोन ठेवायला तर मुळीच नको होता. ते माझं चुकलं.

पण चिठ्ठीची पहिली ओळ तू गाळलीस. मी पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवते, आत्ता समोर आहे. "बाईंचा कोट. काजं उजव्या अंगाला." त्याखाली लाल पेननं रेघ मारली आहे. तुझी नजर अजून सुईच्या नेढ्यातून जाते, ही ओळ कशी सुटली?

आता मी लपवलेलं सांगते. हा कोट दुकानाचा नव्हता, माझा होता. दुकानात मी कापते आणि शिवते, काजं मशीनवर होतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, त्यांना दिवसाला ढीगभर कोट काढायचे असतात. मला मात्र असे कोट करायचेत की आतून उलटे करून पाहिले तरी माणूस बोलायचा थांबला पाहिजे. बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या महामायाताई आहेत, त्यांची मुलगी इथं शिकते म्हणून त्या महिन्यातून एकदा येतात. माझ्यावर पहिला विश्वास त्यांनी टाकला. कापड त्यांनीच आणलं होतं, अगदी मोजकं, हातरुमालाएवढीही चिंधी उरली नाही. आणि काज एकदा कापलं की कापलं, ते बुजत नाही, हे तूच मला शिकवलंस. पंधरा तारखेला त्या कोट घालून बघायला येणार आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर माझं स्वतःचं काम सुरू व्हायच्या आधीच बसलं. मग तुझ्याकडं पाठवायला माझ्या हातातही काही उरणार नाही. म्हणून ओरडले.

रागात एक गोष्ट सांगायची राहिली. खालची दोन काजं. मावशी, ती मी भिंग घेऊन पाहिली. वरची दोन तुझी नेहमीची आहेत, चांगलीच आहेत. पण खालच्या दोनमध्ये प्रत्येक टाक्याची ओढ सारखी आहे. गाठी कणसातल्या ज्वारीसारख्या एकीला एक लागून बसल्यात, आणि कोपऱ्यावर वळतानासुद्धा कुठं फुगवटा नाही. दुकानातल्या मोठ्या मास्तरांना दाखवली. ते नुसता अंगठा फिरवत राहिले त्याच्यावरून. इतकी वर्षं हा हात तू कुठं ठेवला होतास?

तुझी,
सुचिता

*

धामणगाव बढे,
११ नोव्हेंबर

सुचिता,

वरची दोन "नेहमीची".

हे वाचून म्या पत्र घडी करून फडताळात ठेवलं, भाकरी थापल्या, जेवण झालं, भांडे घासले, आन परत काढून वाचलं. तरी तेच लिहिलेलं व्हतं. नेहमीची. एकवीस वर्षांच्या कामाले तुनं एका शब्दात बसवलं. वरची दोन कोण पाहते मंग? कोट घातल्यावर खालची दोन पोटाखाली जातात, माणसाची नजर जाते वरच्याकडं. वरची दोन म्या मेण लावून, दोऱ्यावर इस्त्री फिरवून, जीव ओतून केली. तुह्या त्या मोठ्या मास्तरचा अंगठा वरच्या दोनवर काऊन नाही फिरला?

चिठ्ठीचे फोटो काढून ठेवतेस म्हणजे मावशीवर केस करायचा विचार व्हता का? वकीलबाई तं तुह्या वळखीचीच हाये. पहिली ओळ असंल. व्हती. बस. ज्या वेळेस पाहायची त्या वेळेस पाह्यली नाही. म्या मधात दोन दिवस वरवट बकालले गेली व्हती, नणंदेच्या पोरीचा साखरपुडा व्हता. घाईघाईत झालं. आता त्याच्यावर किती दिवस बसशीन?

पहिलाच कोट आपला स्वतःचा, हे तुनं मले पहिले सांगायले पाह्यजे व्हतं. दुकानाचा कोट म्हून पाठवतेस आन मंग म्हणतेस माहं काम बसलं. मी काय गावभर सांगणार व्हती?

एक विचारते. खालच्या दोनमध्ये नेमकं काय चांगलं हाये ते नीट लिही. ज्वारी-बिरी नको. ओढ म्हणजे कशी, दोरा कसा, गाठ कुठं बसली, ते लिही. मले पाहायचं हाये.

पंधरा तारखेचं काय व्हते ते लगेच कळव. माह्या जिवाले घोर नाही, पण कळव.

तुहे मावसाजी खामगावले चालले. कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून सहा-सात महिने घरीच व्हते, माह्या बाजूले बसून मले सुईत दोरा ओवून देत. आता एका शेठनं तोलकाट्यावर बसायले बोलावलं, गाड्यांच्या पावत्या फाडायच्या, तिथंच राहायचं, पंधरा दिवसांतून एकडाव घरी. ५ डिसेंबरच्या पहिल्या गाडीनं जातो म्हणतात. जाऊ दे. मले खोली मोकळी व्हते.

जनका मावशी

*

पुणे,
१७ नोव्हेंबर

मावशी,

आधी बातमी. कोट गेला नाही. कोट महामायाताईंच्या अंगावर बुलढाण्याला गेला.

त्या शनिवारी आल्या. मी कोट पुढं केला. त्यांनी तो घातला, आरशाकडं न बघता मुलीशी बोलत बोलत चारही बटणं लावली आणि म्हणाल्या, "खांदा छान बसलाय." मी म्हटलं, "ताई, यात माझ्याकडून एक चूक झाली आहे." त्या म्हणाल्या, "कुठली?" मी काजं दाखवली. त्यांनी बटणं सोडली, परत लावली, आणि हसायलाच लागल्या. "अगं, आमच्या कोर्टासमोर एकच टेलर. अठरा वर्षं त्यानं मला पुरुषांचेच कोट शिवून दिलेत. काजं डावीकडंच. माझ्या हाताला तीच सवय. तू उजवीकडं घातली असतीस तर रोज सकाळी मी अडखळले असते." मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे तू इतकी वर्षं उलटं बटण लावतेस?" तर म्हणाल्या, "मी सुलटंच लावते, जग उलटं लावतं."

मग त्या खाली वाकून खालचं काज बघायला लागल्या. म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या मावशीनं. आपल्याच जिल्ह्यातली आहे."

आणि आता पुढचं. त्यांच्या बरोबरच्या तीन वकील बायकांना प्रत्येकी दोन, असे सहा कोट हवेत. जानेवारीच्या आत. मी दुकानात सांगून टाकलं, महिनाअखेर नोकरी सोडते. महामायाताईंची अट एकच, काजं सगळी खालच्या दोनसारखी.

तू विचारलंस म्हणून लिहिते. तुझा दोरा मेणाचा असतो, कडक, टाका उभा राहतो. खालच्या दोनच्या दोऱ्याला मेण नाही. मेण नसताना लोकरीत दोरा पिळतो, सैल पडतो, सगळ्यांचाच पडतो. इथं पडलेला नाही. म्हणजे करणाऱ्यानं प्रत्येक टाका ओढताना बोटांनीच पीळ सोडलाय, आणि कुठं थांबायचं ते बोटांनीच ओळखलंय. हे डोळ्यांचं काम नाही.

आणि हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. एकवीस वर्षांत तू मेणाशिवाय एक काज केलेलं नाहीस. मावशी, ती दोन काजं तुझी नाहीत. गावात कुणाला शिकवतेस का? लाजू नकोस. तिचं नाव सांग, मी तिच्याशी बोलते. सहा कोटांची काजं तिच्याकडं, बाकी सगळं तुझ्याकडं.

तुझी,
सुचिता

*

धामणगाव बढे,
२१ नोव्हेंबर

सुचिता,

ती कोणी नाही. तिले नाव नाही.

कोट नीट गेला, चांगलं झालं. वकीलबाईले माहा नमस्कार सांग. सहा कोट दुसरीकडं दे. खालच्या दोनसारखी काजं माह्याच्यानं व्हत नाहीत. म्या चिंधीवर तीन करून पाह्यली, बिना मेणाची. तिन्ही चुलीत घातली.

जनका मावशी

*

पुणे,
२४ नोव्हेंबर

मावशी,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. मी वरच्या दोन काजांना "नेहमीची" म्हटलं त्याचा हा राग असेल तर माफ कर. तो शब्द मी वेड्यासारखा लिहिला. ज्या काजांवर मी शिकले ती माझ्यासाठी नेहमीचीच असणार ना?

पण हे रागाचं वाटत नाही. तू काहीतरी सांगत नाहीयेस. तुझा राग मोठा असतो, पानभर असतो. चार ओळी तू कधी लिहीत नाहीस.

दोन कोट शिवून तयार आहेत, काजांसाठी थांबलेत. पुढच्या आठवड्यात मला ते कुणाकडं तरी द्यावेच लागतील. अकोल्यात एक मास्तर आहेत म्हणतात. मला त्यांच्याकडं जायचं नाही. तुझ्या घरी पाठवू का नको, एवढं सांग.

सुचिता

*

धामणगाव बढे,
२७ नोव्हेंबर

सुचिता,

आता सगळं लिहिते. मधात थांबली तं परत लिहिणं व्हणार नाही, म्हून एका बैठकीत लिहून राह्यली. हे पत्र म्या स्वतः डाकेत टाकीन.

ती काजं तुह्या मावसाजीनं केली.

म्या वरवट बकालहून आली तं हे खाटेवर बसलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मांडीवर तुहा कोट. खालची दोन काजं कापून, करून, टोकाले आडव्या टाक्यांचा बंद घालून तयार. म्या म्हटलं, "हे काय करून ठेवलं?" तं म्हणे, "तुह्या मागचं काम हलकं केलं. खालची दोन कोणाले दिसत नाहीत, चुकली तं चुकली." म्या म्हटलं, "डाव्या अंगाले काऊन कापली?" तं आपल्या शर्टाच्या बटणाले बोट लावून म्हणे, "माह्या शर्टाले इकडंच हायेत."

चिठ्ठी खिशात व्हती, म्या जातानी वाचली व्हती, लाल रेघ बी पाह्यली व्हती. त्याले सांगायचं राह्यलं. कारण त्याले सांगून जावं असं काही त्या माणसाच्या हातून व्हईल, हे माह्या ध्यानीमनी नव्हतं. मंग वरची दोन बी त्याच अंगाले करून टाकली. दोन इकडं आन दोन तिकडं असा कोट कोण घालते? वाटलं, पुण्यात खपून जाईल. अंग चुकलं हे त्याले सांगतलं नाही.

मंग तुहा फोन आला. म्या तुरपाई करत व्हती, फोन खाटेवर, आवाज मोठा. उलटी काजं, कोट गेला, काम पाठवायचं का नाही. हे दारात उभे व्हते. सगळं ऐकलं. हातातली सुई सुयांच्या गादीत खोचली, बोटातलं अंगुस्तान काढून माह्या डब्यात ठेवलं, हात धुतले. दुसऱ्या दिवशी खामगावच्या शेठले हो म्हणून आले. म्हणे, "तुहं चाललेलं काम म्या बुडवलं. आता काट्यावर बसतो, तिथं आकडा मशीन दाखवते." तवापासून सुईत दोरा बी ओवून देत नाहीत. फोन करू नको म्हटलं ते याच्यासाठी. तुनं अजून काही म्हटलं असतं तं त्यानं तवाच पिशवी भरली असती.

तू म्हणतेस ते खरं हाये, ते डोळ्यांचं काम नाही. हा माणूस एकतीस वर्षं जिनिंगमध्ये रुई पाहत व्हता. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांमधात धरायची, हळू ओढायची, आन सांगायचं धागा किती लांब हाये, किती मजबूत हाये. व्यापारी मोठे मोठे, पण याच्या चिमटीनं म्हटलं तं कापसाची गठाण पास. कोणत्या जागी धागा तुटते आन त्याच्या आधी कुठं थांबायचं, हे त्याच्या बोटाले कळते. आता तुहं पत्र वाचून म्या त्याच्या बोटाकडं पाह्यलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या बोटाकडं पाहायची येळ म्हणजे रिमोट कुठं ठेवला विचारायची.

आन आता जे मले लिहायचं नाही ते लिहिते. तुहं सात तारखेचं पत्र म्या त्याले मोठ्यानं वाचून दाखवलं. जिथं खालच्या दोन काजांचं आलं, ते सोडून दिलं आन सरळ "तुझी सुचिता" वर आली. राग आला मले. म्या बोटं भोकसून भोकसून शिकली, हा माणूस सहा महिने बाजूले बसून चहा पेत शिकला, आन पुण्याचा मास्तर याच्या काजावर अंगठा फिरवते. दुसऱ्या पत्राचं बी तसंच केलं. कोट वकीलबाईनं घातला, एवढंच सांगतलं. तं म्हणे, "पोरीनं तुहं मन राखायले लिहिलं असंल."

काल सांगून पाह्यलं. म्हटलं, सुचितानं तुमच्या काजाचं लय चांगलं लिहिलं हाये. माह्याकडं पाहून हसले आन म्हणे, "जनका, तुले खोटं बोलता येत नाही, काऊन त्रास करून घेतेस." उभ्या जल्मात एकदा खरं बोलून राह्यली तं हे. पत्र दाखवलं असतं, पण दुसऱ्या पत्रात तुनं "तिचं नाव सांग" लिहिलं हाये. ते म्हणतील, हे कोण्या बाईचं हाये, माहं नाही.

म्हून आता ध्यान देऊन वाच. मले सांगून उपयोग नाही, तुनंच लिहायचं. त्याच्या नावानं, वेगळं पाकीट, वर "श्री. भगवानराव" असं साफ लिहिजो. या घरात त्याच्या नावानं निस्तं लाइटबिल येते. आत लिहिजो का ती दोन काजं पाह्यली, मोठ्या मास्तरनं पाह्यली, वकीलबाई वाकून पाहून राह्यली. सहा कोट हायेत, चोवीस काजं, ती तुम्हीच करायची. गोड लिहू नको, त्याले गोड लिहिलेलं खरं वाटत नाही. दोऱ्याचा पीळ कसा सुटला, ओढ कशी बसली, ते तुनं मले लिहिलं तसं लिही. काही खोट असंल तं ती बी लिही, मंग विश्वास बसंल. खालून दुसऱ्या काजाचा बंद जरा रुंद झाला हाये, म्या मोजला. तो लिही.

आन अंग कोणतं, ते बी त्यालेच लिही. आता मधात म्या नको.

अस्तर आन तुरपाई माही. त्याच्यात त्यानं बोट घालायचं नाही, हे बी लिही. अस्तर लावणं म्हणजे काज नव्हे. कपड्याले अंगासारखं हलू द्यायचं आन टाका दिसू द्यायचा नाही, ते त्याले या जल्मात जमणार नाही. मीच करीन. तो खिडकीकडून बसंल, मी दाराकडून. जागा पुरते. खोली मोकळी करून मले तिथं काही ज्वारी नाही सुकवायची.

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं ते चालले. पिशवी भरून ठेवली हाये, दोन सदरे, टॉवेल, गोळ्यांचा डबा. म्या त्यातून चष्मा काढून ठेवला, पण तेवढ्यानं थांबायचे नाहीत. डाक इथं दुपारी येते. डाकेचा भरोसा नसंल तं मंगळवारच्या ट्रॅव्हल्सनं ते दोन कोट धाड, आन पाकीट वरच्या कोटाच्या खिशात घाल. गाडीवर घ्यायले मी त्यालेच पाठवीन.

लिहितेस का नाही, ते मले आडवंतिडवं सांगू नको. गुरुवारी, ४ डिसेंबरले, दिवस मावळायच्या आत त्याच्या हातात तुहं पत्र पाह्यजे.

जनका मावशी